गारा पडला, गारा पडल्या

मला पक्ष्यांचे दोनच प्रकार ओळखता येतात. एक कावळा, आणि दुसरा म्हणजे जो कावळा नाही तो. झाडांच्या बाबतीत माझी प्रगती जरा बरी आहे, कारण झाडं उडून जात नाहीत. मोह, पळस, आंबा आणि 'दुसरं काहीतरी' असे चार प्रकार मी खात्रीने सांगतो. अशा माणसाकडे सरकारने निसर्ग सोपवला, त्याची ही गोष्ट. घरी जेवताना मी ती इतक्या वेळा सांगितली आहे की नागपूरला शिकणारी माझी मुलगी फोनवर म्हणते, "बाबा, गाऱ्याची सोडून दुसरी सांगा." म्हणून ती आता लिहून काढतोय. लिहिलेल्या गोष्टीला मध्येच कोणी 'माहीत आहे' म्हणत नाही.

माझी शाळा साकोली तालुक्यात, एकोडीच्या बाजूला. दोन खोल्या, दोन शिक्षक. एक मी आणि दुसरे मुख्याध्यापक. ते निवृत्तीला आले होते, त्यामुळे कुठल्याच गोष्टीने घाबरत नसत. एका जूनमध्ये वरून पत्र आलं की तिसरी-चौथीला भाषा आणि परिसर अभ्यास वेगवेगळे शिकवू नका. मुलांना बाहेर न्या, पाहू द्या, वेचू द्या, त्यातून शब्द काढा, शब्दांतून वाचन घ्या. मी ते पत्र मुख्याध्यापकांपुढे ठेवलं आणि म्हटलं, "सर, मला बगळा आणि करकोचा यातला फरक कळत नाही."

"पोट्ट्याइले कळते ना," ते म्हणाले. "घेऊन जा गा मास्तर. तितकाच वेळ शाळा शांत राहीन."

तर आम्ही गावच्या तलावावर जाऊ लागलो. नियम सोपा होता. प्रत्येकाने एक वस्तू आणायची, तिचा शब्द सांगायचा, मी तो पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर लिहायचा आणि सगळ्यांनी वाचायचा. पहिल्याच दिवशी मला कळलं की या व्यवहारात माझं काम फक्त ऱ्हस्व-दीर्घाचं आहे. बाकी सगळं त्यांना येत होतं. खेकड्याचं बीळ कोणतं आणि सापाचं कोणतं, शिंगाड्याचा वेल कुठून धरायचा, कोणत्या किड्याला हात लावला तर सूज येते. हे शेवटचं त्यांनी मला हात लावून झाल्यावर सांगितलं.

तलावाच्या पाळीवर सरकारी पाटी आहे, 'मा. मा. तलाव'. म्हणजे माजी मालगुजारी. मुलांनी ती टिंबं गाळून वाचली, आणि एकाने विचारलं, "सर, मामाचा तलाव आहे, तं मामा कोठी गेला?" मी मालगुजारी समजावून सांगायला दहा मिनिटं घेतली. शेवटी त्याने मान हलवली आणि शेजारच्याला सांगितलं, "मेला म्हनते."

दुसरी अडचण ळ ची. आमच्याकडच्या मुलांच्या बोलीत ळ नाही, तिथे र येतो. काळा असतो तो कारा, डोळा असतो तो डोरा. त्यामुळे मी चिठ्ठीवर 'कमळ' लिहिलं की अख्खा वर्ग एका सुरात 'कमर' वाचायचा, आणि 'तलावात कमळ फुलले' हे वाक्य काही वेगळ्याच अंगाने जायचं. मी टाळूला जीभ लावून ळ काढून दाखवायचो. मुलं ते फार लक्ष देऊन पाहायची, जसं कोणी जादूगाराकडे पाहतं, आणि मग पुन्हा 'कमर' म्हणायची.

या सगळ्यात तिसरीतली एक मुलगी होती. दोन वेण्या, त्यातली एक कायम सुटलेली. ती वाचायची ती एस.टी.च्या कंडक्टरसारखी. बोट ओळीखालून सरकायचं आणि आवाज असा, की दुसऱ्या खोलीतले पहिलीचे विद्यार्थीही तिच्याबरोबर वाचायला लागायचे. ळ तिलाही येत नसे, पण बाकी तिला अडवणारं अक्षर मला सापडलं नव्हतं. तिच्या आईवडिलांची गावाशेजारीच धानाची बांधी, म्हणजे भातखाचर, होती. पावसाळ्यात ती शाळेत यायची तीच मुळी धुऱ्यावरून, म्हणजे दोन बांध्यांमधल्या बांधावरून, आणि पाय गुडघ्यापर्यंत माखलेले.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

जुलैत मी एक वाचनपाठ लिहिला. स्वतः लिहिला, याचा मला फार अभिमान होता. 'अचानक आभाळ भरून आले. टपोऱ्या गारा पडू लागल्या. मुलांनी गारा वेचल्या आणि खाल्ल्या.' टपोऱ्या हा शब्द सुचल्यावर मी घरी बायकोला वाचून दाखवला होता. ती म्हणाली, "बरं आहे," आणि कुकर उतरवायला गेली. साहित्याची कदर आमच्या घरी एवढीच.

वर्गात त्या मुलीने तो पाठ खणखणीत वाचला. मग मी सगळ्यांना वाचलेलं चित्रात काढायला सांगितलं. पहिल्या रांगेतल्या एकाने टीव्हीवर काहीतरी पाहिलं होतं, त्याने पांढरे गोळे काढले. बाकीच्यांनी त्याचं पाहून पांढरे गोळे काढले. विज्ञान असंच पुढे जात असावं. ती मात्र भिंतीला तोंड करून बसली होती, तिने कोणाचंच पाहिलं नाही. तिने आभाळातून मोठमोठे तपकिरी गोळे पडताना दाखवले. खाली मुलं तोंडं उघडून उभी, एकाचे दोन्ही कान तपकिरी. आणि खाली सुवाच्य अक्षरात, 'मुले गारा खातात.'

"हे काय आहे?" मी विचारलं.

"गारा."

"गारा अशा असतात?"

"हो ना सर," ती म्हणाली, जणू मीच वेडा आहे. तसा मी होतोच, पण ते कळायला अजून वेळ होता.

मी हसलो. साधा नाही, पोट धरून हसलो. वही उंच धरून वर्गाला दाखवली. "गारा म्हणजे बर्फ! आभाळातून पडतो तो बर्फ! तपकिरी कसा असेल?" वर्गही हसला, माझ्यापेक्षा जोरात. मला वाटलं, मुलं माझ्या विनोदाला हसतायत. मी चित्रावर लाल पेनाने फुली मारली. तेवढ्यावर थांबलो असतो तर मी मी कसला? मी चित्राचा फोटो काढला आणि तालुक्यातल्या शिक्षकांच्या मोबाईल ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'आमच्याकडच्या गारा पाहा, चॉकलेटच्या!' दिवसभर हसरे चेहरे येत राहिले, आणि मी प्रत्येक चेहरा उघडून पाहिला.

दुसऱ्या दिवसापासून मुलं तिला 'गाराखाई' म्हणू लागली. आणि तिने वाचणं सोडलं.

सोडलं म्हणजे मोठ्याने सोडलं. उभी राहायची, पुस्तक उघडायची, बोट ओळीखालून बरोबर वेगाने सरकायचं, पूर्णविरामापाशी थांबायचंसुद्धा, पण ओठ मिटलेले. आत वाचन चालू होतं हे मला दिसत होतं. पण आमच्याकडे भिंतीवर वाचनाचा तक्ता असतो. जो मोठ्याने वाचतो त्याच्या नावापुढे हिरवी टिकली, जो अडखळतो त्याला पिवळी, जो वाचत नाही त्याला लाल. मनातल्या वाचनाला टिकली नव्हती. तपासणीला आलेल्या बाईंनी तिच्यापुढे पुस्तक धरलं, दोनदा "वाच बाळ" म्हटलं, आणि स्वतःच्या हाताने लाल टिकली लावून पुढच्या शाळेला निघून गेल्या.

तो तक्ता दारातून दिसतो. चार दिवसांत तिची आई आली, पदर खोचलेला, रोवणीवरून, म्हणजे भाताच्या लावणीवरून, सरळ.

"सर, माही पोरगी वाचत नाही म्हनते?"

"वाचते हो ताई. पण मोठ्याने वाचत नाही आता."

"घरी तं खताच्या चुंगडीवरचं बी वाचत होती. मधातच काय झालं तिले?"

मी म्हटलं, होईल हळूहळू, लहान आहे, पावसाळी हवा आहे. माझ्या तोंडून हवा हा शब्द आला तेव्हा त्या बाईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी सहसा बाजारात सडक्या वांग्यांकडे जाताना पाहिली आहे.

"माहा भाऊ तुमसरले राहते," ती म्हणाली. "तो दोन सालापासून म्हनून राहिला, पोरीले इकडं पाठव, कान्व्हेंटात टाकतो. मीच म्हटलं, गावची शाळा चांगली आहे, सर चांगले आहेत." इथे तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, जणू ते विधान तपासून घेत होती. "पोळ्यापर्यंत पाहातो. नाही वाचली तं नेऊन देतो."

मुलगी व्हरांड्याच्या खांबाला धरून उभी होती. "मले नाही जाचं मामाच्या इथं," ती म्हणाली. कितीतरी दिवसांत मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

"पाहा, तोंड आहे तं!" आई म्हणाली. "मंग वाच. सरासमोर वाचून दाखव, नाही पाठवत."

मुलीने खांब आणखी घट्ट धरला. बस.

त्या संध्याकाळी मी साकोलीला घरी परतलो तेव्हा पाऊस थांबला होता आणि मी व माझी मोटारसायकल दोघंही ओळखू येत नव्हतो. दारात एक पाऊल टाकलं आणि आतून बायको ओरडली, "तिथंच थांबा! पायाचा गारा धुवा आंधी. आत्ताच फरशी पुसली मी."

मी एक पाय आत, एक पाय बाहेर असा थांबलो.

"काय म्हणालीस?"

"गारा म्हटलं, गारा! आयकू नाही येत का?" ती बाहेर आली. बायको कारध्याची आहे, वैनगंगेच्या काठची, तिला गाऱ्याची ओळख मी करून द्यावी अशी काही परिस्थिती नाही. "असे काहून उभे आहात? बीपी वाढली का?"

बीपी वाढली नव्हती. पायाखालची जमीन मात्र सरकली होती, आणि ती जमीन म्हणजे गाराच होता. आमच्याकडे चिखलाला गारा म्हणतात. मी स्वतः सिहोऱ्याच्या बाजूला धानाच्या शेतात वाढलो. गाऱ्यात पडलो, गाऱ्यात चप्पल हरवली, गारा अंगाला लावला म्हणून मार खाल्ला. डी.एड.ला गेलो तेव्हा तिथल्या सरांनी माझ्या निबंधातला गारा लाल शाईने खोडून त्यावर 'चिखल' लिहिलं होतं. तेव्हापासून मी शाळेत चिखल म्हणतो आणि घरी गारा. दोन चपलांचे जोड असावेत तसे, एक दाराच्या आत, एक बाहेर. इतकी वर्षं मी ते इतक्या सफाईने बदलत होतो की बदलतोय हे विसरूनच गेलो. आणि आभाळातून जो बर्फ पडतो, त्याला त्या मुलांच्या घरी कोणी गारा म्हणतच नाही. ते म्हणतात हिंदीसारखं 'ओले' पडले, नाही तर सरळ बरफ पडला.

म्हणजे ती पोरगी बरोबर वाचत होती. 'मुलांनी गारा वेचल्या आणि खाल्ल्या.' पाठ मास्तरने लिहिलेला, मास्तरवर विश्वास. मास्तर म्हणतो मुलांनी चिखल खाल्ला, तर खाल्ला असेल. फरक होता तो क्रियापदाच्या शेपटीत. गारा पडला, तर चिखल. गारा पडल्या, तर बर्फ. आठ वर्षांच्या मुलीने त्या शेपटीवरून ओळखायला हवं होतं आणि मी पन्नाशीत पायावरून ओळखत होतो. वर्गात सगळे का हसले तेही आता कळलं. मुलांना तिचं चित्र पहिल्या झटक्यात समजलं होतं. न समजलेला एकच होता, वही उंच धरून उभा असलेला.

पाय धुऊन मी बायकोला सगळं सांगितलं. तिला विनोदी भाग विनोदी वाटला नाही.

"तुम्ही हसले? पोरीवर?"

"हो."

"आन् फोटो पाठवला?"

"हो."

"मंग आता त्याच ग्रुपवर लिवा, का मास्तर येडा आहे म्हून."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाताना चॉकलेट घेऊन गेलो. माझी अक्कल पाहा. तिच्या चित्राला चॉकलेटच्या गारा म्हणून हसलेला मी, माफी मागायला चॉकलेट घेऊन जातो. तिने ते घेतलं, उलटसुलट पाहिलं, आणि उठून पहिलीतल्या एका शेंबड्या पोराला देऊन आली.

मग मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. 'गारा पडला.' 'गारा पडल्या.' वर्गाला सांगितलं की हे दोन वेगळे शब्द आहेत, एक आपल्या घरचा आहे, एक पुस्तकातला आहे, दोन्ही खरे आहेत, आणि चूक माझी झाली. वर्गाला हे शेवटचं फार आवडलं. चौथीतल्या एकाने पुन्हा म्हणायला लावलं. "काय झालं सर? कोनाची चूक?"

"माझी."

"जोरानं सांगा ना सर."

मी जोराने सांगितलं. ती मुलगी मागून म्हणाली, अगदी हळू, "तं मंग फुली काहून मारली?"

मुद्दा बिनतोड होता. मी तिची वही मागितली. आता फुलीची बरोबरची खूण कशी करायची? मी ब्लेडने फुली खरवडायला गेलो आणि कागद फाटला. नेमका वरच्या बाजूला. तपकिरी गोळे पडत होते तिथे आभाळाला भोक पडलं. त्या भोकाच्या शेजारी मी मोठी बरोबरची खूण केली, सही केली, आणि वही परत दिली. तिने भोकातून डोळा लावून माझ्याकडे पाहिलं. हसली नाही.

ग्रुपवरही लिहिलं, 'ते उत्तर बरोबर होतं, शिक्षक चुकला होता.' हसरे चेहरे या वेळी आले नाहीत. एकाने विचारलं, 'कोणतं उत्तर?' दुसऱ्याने पगाराची चौकशी केली. मुख्याध्यापकांना मी हे दुःख सांगायला गेलो, तर ते म्हणाले, "मास्तर, चित्र पाह्यलं तेव्हाच मले समजलं होतं."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतके खूश होते. म्हटलं, कायले मधात बोला?"

आता कोणाला वाटेल, माफी मागितली, खूण केली, मुलगी वाचू लागली. मलाही तसंच वाटलं होतं. तिने वाचलं नाही. गाराखाई म्हणणं मुलांनी सोडलं, कारण आता चिडवायला त्यांच्याकडे मी होतो. पण ओठ मिटलेलेच. बोट चालायचं, ओठ नाही. आणि पोळा जवळ येत होता. दुकानांत लाकडी नंदी दिसायला लागले की मी मोटारसायकल दुसऱ्या गल्लीने काढायचो.

मला दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून मी गाऱ्यालाच धरून बसलो. चिठ्ठ्यांना दोन बाजू केल्या. एका बाजूला घरचा शब्द, दुसऱ्या बाजूला पुस्तकाचा. गारा, चिखल. पऱ्हे, रोपे. धुरा, बांध. मुलांना तीन बाटल्या दिल्या. एकीत तलावाचा गारा, एकीत बांधीचा, एकीत रस्त्याचा. पाणी घालून हलवायचं आणि पाहत बसायचं. तळाला काय बसतं, वर काय राहतं, कोणती बाटली आधी स्वच्छ होते. थर, तळ, गढूळ, निवळ, असे शब्द त्यातून निघाले. त्या मुलीला मी बाटल्यांवर लक्ष ठेवायला बसवलं, कारण त्या कामाला बोलावं लागत नाही. रस्त्याचा गारा दुपारपर्यंत तळाला बसला. बांधीची बाटली मात्र दुसऱ्या दिवशीही गढूळच. तिसऱ्या दिवशी ती एकच शब्द बोलली. "निवरलं." ळ ला सुट्टी देऊन मी तो चिठ्ठीवर लिहिला, मागे 'निवळले' लिहिलं, आणि दिवसभर शीळ घालत फिरलो. मुख्याध्यापक म्हणाले, "पगार झाला का?"

मग मुलांनी सांगायचं आणि मी लिहायचं, असा एक पाठ आम्ही तयार केला. 'आमच्या बांधीत गारा आहे. गारा मऊ असतो. गाऱ्यात पाय रुततो. गाऱ्यात खेकडा घर करतो. पाणी आटले की गाऱ्याला भेगा पडतात. पुस्तकात याला चिखल म्हणतात.' नवा कागद संपला होता, म्हणून एका जुन्या सरकारी पत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर मी तो मोठ्या अक्षरात उतरवला. टपोऱ्या हा शब्द कुठेही घातला नाही.

पाठ बांधीतच वाचायचा असं ठरलं. रोवणी उरकत आली होती. उशिरा लागलेल्या काही बांध्या राहिल्या होत्या, त्यात या मुलीच्या घरची एक होती. मी मुद्दाम तिकडे नेलं असं समजू नका. बाकी सगळीकडे गुडघाभर पाणी होतं आणि या बांधीचा धुरा रुंद होता. मला तोल सांभाळायचा होता.

आम्ही धुऱ्यावर रांगेने उभे राहिलो. बायका वाकून रांगेत पऱ्हे लावत मागे मागे सरकत होत्या. मुलीची आई मध्यावर. तिने वाकूनच मान वळवली. "आज शाळा इकडं आणली का सर?"

"हो ताई. मुलांनी पाठ लिहिला आहे. तुम्हाला वाचून दाखवतो."

"वाचा ना मंग."

मी वाचू लागलो. 'आमच्या बांधीत गारा आहे.' वारं उलट होतं. एक बाई ओरडली, "सर, जेवन नाही केलं का आज?" दुसरी म्हणाली, "वाचून राहिले का पोथी पुटपुटून राहिले?" मी आवाज चढवला, तर तो चिरकला, आणि अख्खी रांग हसली. मुलंही हसली. मी मोजून घेतलं, हा हिशेब बरोबर होता.

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण बायको म्हणते मला ताणून धरता येत नाही. पोळा झाला, तान्हा पोळा झाला, आणि मुलगी तुमसरला गेली नाही. ती अजून आमच्याच शाळेत आहे. आता त्या दिवसाकडे.

आईने कंबर सरळ केली. दोन्ही हात कोपरापर्यंत माखलेले, त्यात पऱ्ह्यांची जुडी. "सराचा आवाज धुऱ्यावरच बसून राहते," ती म्हणाली. "ए पोरी, तू वाच. मले आयकू आलं पायजे. माहे हात गाऱ्यात आहेत, नाही तं मीच वाचलं असतं."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी कागद पुढे केला आणि दुसरीकडे पाहू लागलो. समोर एक पक्षी बसला होता. कावळा नव्हता, एवढंच सांगू शकतो.

मग कागद माझ्या हातातून ओढला गेला.

"आमच्या बांधीत गारा आहे," ती म्हणाली.

"आयकू नाही आलं!"

"आमच्या बांधीत गारा आहे!"

"हो, आहे ना वो, मी त्यातच उभी आहो! पुढं?"

"गारा मऊ असतो! गाऱ्यात पाय रुततो!" कंडक्टर परत आला होता. पलीकडच्या बांधीतले लोक थांबून पाहू लागले. खेकड्यापाशी एका बाईने, "माह्या बोटाले धरला होता मेल्यानं," अशी भर घातली, आणि मुलगी ती संपेपर्यंत थांबली आणि मग भेगांचं वाक्य वाचलं. 'पुस्तकात याला चिखल म्हणतात' हे वाचल्यावर आई म्हणाली, "म्हनू दे पुस्तकाले." मग बाजूच्या बाईला, "आवाज पाह्य माह्या पोरीचा! हे तं इथूनच तुमसरले आयकू जाते, न्याचं काय काम?" आणि पुन्हा लेकीकडे वळून, "संपलं का? दुसरं पान वाच."

दुसरं पान नव्हतं. आमचा पाठ एका पानाचा होता. मी ते सांगायला तोंड उघडलं, तोवर मुलीने कागद उलटला. मागे जुनं पत्रक होतं, तांदळाची रिकामी पोती परत करण्याबाबत. तिने 'उपरोक्त विषयान्वये' या शब्दाखाली बोट ठेवलं आणि न अडखळता वाचलं,

"सर बांधीत आले. सरांनी प्यांट वर केली. सरांचे पाय बगऱ्यासारखे आहेत."

बायकांची रांग वाकडी झाली. एकीने जुडी पाण्यात टाकली.

"सरांना गारा माहीत नव्हता," बोट 'कळविण्यात येते की' खालून सरकत होतं. "मग सरांनी गारा वेचला आणि खाल्ला."

वेचला, खाल्ला. क्रियापदं दोन्ही बरोबर होती. वाचनाचा शिक्षक म्हणून मी तिथे हस्तक्षेप करायला हवा होता. कागदावर पोत्यांबद्दल लिहिलेलं असताना मुलगी माझ्या पायांबद्दल वाचते, हे कोणत्याही तपासणीत बसत नाही. मी हाताची घडी घालून उभा राहिलो आणि पँट थोडी खाली ओढली.

"आन् मंग?" आईने विचारलं.

मुलीने 'सदर बाब तात्काळ' यावर बोट ठेवलं, आणि श्वास घेतला.